घागरींवरचं नाव

स्टीलच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत ज्यानं काढली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. लग्नात साधी वाटी दिली तरी तिच्यावर मामाचं नाव, मामाचं गाव आणि तारीख. भांडी घासायला बसलं की सगळा गोतावळा हातात येतो. मला या पद्धतीचा राग आहे, आणि तो राग असायला कारण आहे. एका परदेशी कंपनीला ही पद्धत मीच शिकवली. कुणी विचारलं नव्हतं. मी आपली शहाणी, पुढं होऊन सांगितलं.

मी शाहूपुरीतली. वडिलांचं गुळाचं दुकान होतं. घरात कन्नड, दुकानात मराठी, अशीच आम्ही भावंडं वाढलो. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग दुकान आणि खालचं घर भावाचं झालं आणि वरची खोली माझी. भांडण नाही, तंटा नाही. वहिनी दोन्ही वेळचं ताट वर पाठवायची, झाकलेलं. भाकरी गरम असायची, आमटी गरम असायची. ताटाबरोबर माणूस मात्र कुणी बसायला यायचं नाही. ताट आणणारी बाई ते स्टुलावर ठेवून वळायची, आणि मी खिडकीकडं तोंड करून जेवायची.

वय अडतीस झालं होतं. लग्नाचं बोलणं घरात थांबलं होतं. शेवटचं स्थळ कबनूरचं, बिजवर, घरात कापडाचे लूम. बघायला आला आणि तासभर लूमबद्दलच बोलत बसला. मी म्हटलं, मला एवढा आवाज सोसायचा नाही. वहिनी अजून हे पाव्हण्यारावळ्यांत हसून सांगते. आवाज नको म्हणालीस ना, घे मग, असं झालं. त्यानंतर शांतताच मिळाली, पोट फुटेस्तोवर.

पंधरा वर्षं मी एका वकिलाकडं टायपिस्ट होते, इंग्रजी-मराठी दोन्ही. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा शाहूपुरीतच एका पंपाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ही कंपनी आली. पश्चिमेकडच्या डोंगरांवर बॉक्साइट आहे, त्याचं ॲल्युमिनियम होतं, आणि ते खणायला ही लांबच्या देशातली माणसं आलीत, एवढं मला समजलं. ऑफिसात तिघंच. परदेशी साहेब, कसबा बावड्यात नव्या बंगल्यात भाड्यानं राहणारा मॅनेजर, आणि मी. माझ्या कार्डावर छापलं होतं ‘समाज विकास अधिकारी’. भाऊ कार्ड उलटंपालटं करून म्हणाला, “कुठल्या समाजाची?” मी कार्ड पर्समध्ये जपून ठेवलं.

साहेब वाईट नव्हता. हे आधीच सांगते, कारण तो वाईट असता तर माझं पुष्कळ सोपं झालं असतं. उन्हानं नाक सोललेलं, मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी काढायचा, चहावाल्यालासुद्धा हात जोडायचा. त्यानं मला पहिल्या दिवशी समजावलं. त्यांच्या कंपनीचा नियम होता, की जिथं खणायचं तिथल्या माणसांना आधी काहीतरी द्यायचं. शाळा, दवाखाना, लोक मागतील ते. कंपनी कितीतरी देशांत खणत होती आणि सगळीकडं देत होती. त्याच्या टेबलावर गुळगुळीत कागदाची पुस्तकं होती, त्यांत काळी, सावळी, पिवळी पोरं दात काढून हसत होती. “लोकांना काय हवं ते तुम्ही विचारून या,” साहेब म्हणाला. मला वाटलं, चांगलं काम आहे. खरंच वाटलं.

दर गुरुवारी जीप मला डोंगरावर न्यायची. शेवटचा तासभर लाल मातीचा रस्ता, मग अर्धा तास पायी चढण. वर गवळी धनगरांची वाडी, पंधरा-सोळा घरं, घराघरात म्हशी. वाडीच्या वर सपाट कातळ पसरलेला. त्याला ते सडा म्हणतात. बॉक्साइट त्या सड्यातच होतं.

पहिल्याच घरापुढं एक बाई शेणाचा हात धूत उभी होती. माझ्याच वयाची, उंच, आवाज खणखणीत. “या पावणीबाई,” म्हणाली, “बसा की. उन्हाचं आलायसा.” कोण, कुठली, कशाला आलीस, काही नाही. आधी तांब्याभर ताक, मग चौकशी. घरात ती, तिचा नवरा आणि आंधळी होत चाललेली सासू. नवरा पहाटे दूध घेऊन खाली जायचा तो दुपारी यायचा. मूलबाळ नव्हतं. ते तिनंच सांगितलं, मी न विचारता, आणि वर म्हणाली, “तुमास्नी?” मी म्हटलं, लग्नच नाही. “बरं हाय,” ती म्हणाली. एवढ्यावर विषय मिटवणारी ती मला पहिलीच बाई भेटली.

निघताना तिनं एका लहान डब्यात तूप दिलं. डब्याच्या बुडाला टिंबाटिंबांनी तिच्या मामाचं नाव, लग्नातल्या आहेराचं. पुढच्या गुरुवारी मी तो डबा परत नेला. आमच्या आईची शिकवण होती, की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. साखर घाल, चिमूटभर हरभऱ्याची डाळ घाल, पण रिकामं नको. मी गूळ घालून नेला. तिनं झाकण काढलं, आत बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

“तुमच्यातबी हाय व्हय ह्ये?”

“आहे की.”

“मग बस की गं आत. भाईर काय बसलीयास.”

त्या दिवसापासून मी अक्का झाले. डबा मग येत-जात राहिला. तिच्याकडून तूप, खरवस, कधी करवंदं. माझ्याकडून गूळ, शेंगा, वहिनीच्या नकळत काढलेला चिवडा. गुरुवारी जायचं म्हणून मी बुधवारपासून खूश असायची. अडतीस वर्षांच्या बाईनं असं खूश होणं बरं दिसत नाही, पण होते. इतर सहा दिवस माझ्याशी माणसं कामापुरतं बोलायची. ही भांडायची माझ्याशी. साडी वर धरून चालता येत नाही म्हणून शिव्या द्यायची. कुणीतरी आपल्याला हक्कानं शिवी द्यावी, हे सुख ज्याला मिळालंय त्याला त्याची किंमत नसते.

एकदा तिनं मला पाणी दाखवलं. सड्याच्या कडेखाली कातळात एक फट, तिच्यातून अंगठ्याएवढी धार, आणि खाली दगडात कोरलेली डोणी. भर मे महिना होता. धार चालू होती. “आटत नाही कधी?” मी विचारलं.

“कशी आटंल? वरचा दगुड समदा भोकाभोकाचा हाय. पावसात पितो आन् वरीसभर सोडतो.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. ती वही माझ्याकडं आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

तिला सही करायची हौस होती. नवरा दूध संघात सही करतो आणि आपण अंगठा, याचा तिला राग होता. मी दर गुरुवारी कोळशानं दाराच्या फळीवर तिचं नाव लिहून द्यायची आणि ती आठवडाभर ते गिरवायची. सासू म्हणायची, “दार काळं केलंसा दोघींनी.” चार अक्षरं यायला तिला तीन महिने लागले. पहिल्यांदा न बघता आलं तेव्हा तिनं कोळसा फेकून दिला आणि गोठ्यात निघून गेली. मी मागं गेले, तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडत होती. मला बघून म्हणाली, “जा तिकडं.” मी गेले नाही.

काम मात्र होत नव्हतं. साहेब दर शुक्रवारी विचारायचा, लोकांनी काय मागितलं? आणि लोक काहीच मागत नव्हते. वाडीत जमवून विचारलं तर म्हातारे म्हणायचे, “हाय की समदं. काय नको.” शाळा हवी का? “पोरं खाली जात्यात की.” दवाखाना? “बघू.” तिसऱ्यांदा मी कंटाळून म्हटलं, अहो, काहीतरी सांगा, मला रिकामं परत पाठवू नका. झालं. ते ऐकल्यावर सगळी बाया-माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पाहुणी रिकामी जाते म्हणजे काय? मग माझ्याच मैत्रिणीनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, “बरं मग, येक-येक घागर द्या समद्यास्नी. स्टीलची.” मातीचे डेरे आणि पत्र्याच्या कळश्या होत्याच त्यांच्याकडं. घागरींची काही नड नव्हती. माझं मन मोडू नये म्हणून त्यांनी मागितलं. आणि मी ऑफिसात जाऊन टेबलावर बातमी ठेवली, की लोकांची मागणी आली.

साहेब इतका खूश झाला की काय सांगू. पाणी वाहायची भांडी, बायकांसाठी, वा! आणि तिथं माझी जीभ वळवळली. मी म्हटलं, आमच्यात भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. साहेबानं ते दोनदा विचारून घेतलं. मग भांड्याच्या दुकानाबाहेर यंत्र घेऊन बसणाऱ्या माणसाकडून प्रत्येक घागरीच्या गळ्यावर कंपनीचं नाव आणि खाली ‘सप्रेम भेट’ घालून घेतलं. स्पेलिंग चुकू नये म्हणून मी स्वतः शेजारी उभी राहिले.

वाटपाचा दिवसही मीच सुचवला. संक्रांत होऊन गेली होती, हळदीकुंकवाचे दिवस. घागर वाण म्हणून द्यायची. मॅनेजरची बायको कुंकू लावायला आली, साहेब कॅमेरा घेऊन आला. वाडीतल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून बसल्या होत्या. विधवा बाया लांब दाराशी, आपल्या रिवाजाप्रमाणं. माझ्या मैत्रिणीचा सासरा जाऊन वर्षं झाली होती, म्हणून तिची सासूही तिथंच. त्यांना कुंकू लावलं नाही. अंगठे मात्र त्यांचेही घेतले.

तेच सांगायचं आहे. मॅनेजरनं मला रेघा मारलेले कागद दिले. नाव, सही किंवा अंगठा. वरची जागा कोरी. मी म्हटलं, “वर काय लिहायचं?” तो म्हणाला, “घागरी पोचल्याचं. टाइप करू नंतर, आता उशीर होतोय.” पंधरा वर्षं वकिलाकडं काढलेली मी. माझे वडील गुळाच्या सौद्यात बसून पोरांना एकच गोष्ट सांगायचे, कोऱ्या कागदावर सही करायची नाही आणि करायला लावायची नाही. आणि वाणाला कधी कुणी सही मागतं का? कोल्हापुरात कुठल्या बाईनं हळदीकुंकवाला सही मागितली असती तर तिला पायातलं दाखवलं असतं. मला हे सगळं त्या क्षणी समजत होतं. पण बायका हसत होत्या, साहेब फोटो काढत होता, दिवस माझा होता. म्हटलं, कशाला विघ्न.

माझ्या मैत्रिणीनं घागर कमरेवर घेतली आणि कागदाकडं बघितलं. “ह्ये कशाला गं, अक्का?”

“घागर मिळाली म्हणून.”

“तू सांगतीयास म्हंजी झालंच.” मग शेजारणीकडं बघत मोठ्यांदा म्हणाली, “मी अंगठा न्हाय देणार. मी सही करणार.” घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि चार अक्षरं काढली. सगळ्या वाडीनं वाकून बघितलं. तिची आयुष्यातली पहिली सही, मी शिकवलेली, त्या कागदावर आहे.

महिन्यानं मॅनेजरनं माझ्या टेबलावर तेच कागद आणून ठेवले. वरच्या जागेत इंग्रजी मजकूर आला होता. खाली सह्या करणाऱ्या रहिवाशांना सड्यावरच्या खोदकामाची पूर्ण माहिती दिली आहे आणि त्यांची हरकत नाही. “याचं मराठी करा,” तो म्हणाला. “दोन्ही भाषेत लागतं.”

मी म्हटलं, “हे घागरींचे कागद आहेत.”

“सह्या तुम्हीच घेतल्यात ना, मॅडम? मग?”

मी मराठी केलं. टाइपही केलं. एकही चूक नव्हती. लोक विचारतील, साहेबाला का नाही सांगितलं? वाडीवर जाऊन का नाही सांगितलं? नोकरी जाईल म्हणून भीती वाटली असं मी भावाला पुढं सांगितलं, आणि त्याला ते पटलं. पण खरं ते नव्हतं. पगाराशिवाय माझं पोट भरत होतं, ताट येतच होतं. नोकरी गेली असती तर जीप गेली असती, आणि जीप गेली असती तर गुरुवार गेला असता. आणि तिला सांगितलं असतं तर तिनं मला दारात उभं केलं नसतं. दोन्हीकडून मी एकटी पडणार होते. म्हणून मी गप्प बसले, आणि पुढच्या गुरुवारी डब्यात तिळाच्या वड्या घेऊन तिच्याकडं गेले.

साहेबाचं पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर माझी मैत्रीण. कमरेवर घागर, घागरीवर कंपनीचं नाव अगदी स्पष्ट, आणि तोंडभर हसू. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की कंपनीनं या वाडीला पाण्याची सोय करून दिली. मी एक पुस्तक तिला नेऊन दिलं. नसतं दिलं तर बरं झालं असतं, पण तिचा फोटो इतका सुंदर आला होता. तिनं सासूला दाखवला, सासूनं डोळ्याला चिकटवून बघितला. मग तिनं विचारलं, “खाली काय लिवलंय?”

“तुझं नाव लिहिलंय.”

ती पुस्तक उजेडाला घेऊन बराच वेळ बघत राहिली. बोट फिरवून शोधत होती. “माजं नाव कुटं हाय ह्यात? मला दिसंना झालंय.”

“इंग्रजीत आहे गं.”

“असंल,” ती म्हणाली आणि पुस्तक देवाच्या फळीवर ठेवलं.

खोदाई सुरू झाली. सुरुंगांचे आवाज, ट्रक, म्हशींच्या अंगावर तांबडी धूळ. वाडीतले लोक माझ्यापाशी तक्रार करायचे आणि मी म्हणायची, सांगते साहेबांना. सांगायचीही. साहेब लगेच धुळीवर पाणी मारायचा टँकर पाठवायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात कातळातली धार करंगळीएवढी झाली. तिसऱ्या उन्हाळ्यात डोणी भरायला दिवस लागायला लागला, मग धार ठिबकायला लागली, मग ओल राहिली. वरचा दगडच नेला होता, पाऊस पिणार कोण? कंपनीनं पाण्याचा टँकर सुरू केला. बायका त्याच घागरी घेऊन टँकरपुढं उभ्या राहायच्या. माणसांचं भागायचं, म्हशींचं भागेना. घराघरातून म्हशी खाली बाजाराला जायला लागल्या. माझ्या मैत्रिणीच्या तीन गेल्या. तिसरी गेली त्या गुरुवारी ती माझ्याशी फारसं बोलली नाही, पण निघताना डबा हातात दिला. आत तूप होतं. “हे शेवटचं,” म्हणाली. “आता दुबती न्हाय कुटली.”

त्यानंतर वाडीतली माणसं तालुक्याला गेली अर्ज घेऊन. तिथं त्यांना त्यांचेच कागद दाखवले. हे मला नंतर कळलं. मला कुणी सांगायला आलं नाही.

सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला ऑफिसच्या जिन्यावर पायांचा आवाज आला, पुष्कळ पायांचा. वाडीतल्या बायका होत्या, पहाटेच्या एस.टी.नं आलेल्या, प्रत्येकीच्या कमरेवर घागर. खालच्या पंपाच्या दुकानातली माणसं जिन्याशी येऊन बघत होती. त्या आत आल्या आणि भिंतीला लावून एकेक घागर ठेवायला लागल्या. गळ्यावरचं नाव खोलीकडं करून. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. मी खुर्चीतून उठले.

साहेब बाहेर आला. घागरीत डोकावला. प्रत्येक घागरीच्या तळाला मूठभर नाचणी होती. त्यानं मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत.

त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. किती सुंदर पद्धत आहे, म्हणाला. आणि आत जाऊन कॅमेरा घेऊन आला.

मग मात्र मला राहवलं नाही. मी त्याच्यापुढं आडवी उभी राहिले. म्हटलं, साहेब, हा फोटो काढू नका. ह्यांनी आपल्याशी घेणंदेणं संपवलंय. आणि मग तो कागद, ती कोरी जागा, मराठी भाषांतर, सगळं एका दमात सांगितलं. इंग्रजीत, चुका करत. साहेबाचा कॅमेरा हातात तसाच राहिला. त्यानं मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजर शांतपणे म्हणाला, सह्या मॅडमनी घेतल्यात. आणि ते खरंच होतं.

माझी मैत्रीण शेवटी पुढं आली. तिनं सगळं ऐकलं होतं, इंग्रजी असलं तरी. माझ्या टेबलाजवळ येऊन थांबली.

“पावणीबाई, हितं ठिवू?”

पहिल्या भेटीनंतर इतक्या वर्षांत तिनं मला या नावानं हाक मारली नव्हती. मी म्हटलं, “मला आधी माहीत नव्हतं. नंतर कळलं.”

“कळल्यावर?”

“बोलले नाही.”

“का?”

खोलीत सगळ्या बायका होत्या, साहेब होता, मॅनेजर होता. मला लाज वाटायला हवी होती, पण मी खरं तेच बोलले. “तुझ्याकडं यायला मिळालं नसतं म्हणून.”

तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तो सोसला असता. तिला माझी कीव आली होती. घागर तिनं टेबलावर ठेवली, नाव माझ्याकडं करून.

“आन् आता कशा याल?” म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

मी महिन्याभरात नोकरी सोडली. साहेबानं वरती काही कळवलं असं म्हणतात, वर्षभरात त्याची दुसऱ्या देशात बदली झाली. कंपनीही पुढं एक-दोन वर्षांत सडा उकरून संपल्यावर निघून गेली, आणि टँकर थांबला. घागरी कित्येक दिवस ऑफिसच्या भिंतीला तशाच होत्या. पंपाच्या दुकानदारानं शेवटी त्या मोडीत घातल्या. नाचणीला सोंडे लागले होते, असं तो म्हणाला.

तिनं डबा मागितला नाही त्या दिवशी. मला वाटत होतं मागेल, आणि मागितला तर निदान तेवढ्यासाठी एकदा वर जाता येईल. शेवटचं तूप मी खाल्लं नाही, खवट झालं, मग एका सकाळी टाकून दिलं आणि डबा घासून फळीवर ठेवला. एकदा तो पिशवीत घालून मी एस.टी.नं डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेही होते. गूळ घेतला होता आत. चढणीपाशी उभी राहिले. ज्या बाईचं पाणी मी घालवलं, तिच्यापुढं जाऊन गुळाचा खडा धरायचा? परतीची गाडी तासाभरानं होती. ती पकडून आले. गूळ काढून ठेवला.

ताट अजून वर येतं. भाकरी गरम असते. जेवताना समोर फळीवर तो डबा दिसतो, बुडाला तिच्या मामाचं नाव असलेला. परत द्यायला हवा. रिकामा देता येत नाही, आणि त्यात काय घालून न्यावं हे मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.